झाकलेलं पाणी

रविवारी डोंगरावर माणसं न्यायची तर आधी एकट्यानं जाऊन वाट बघून यायची, हा माझा शिरस्ता. संभाजीनगरहून पहाटेची एसटी धरायची, कन्नडला उतरायचं आणि चढायला लागायचं. त्या उन्हाळ्यात काळ्या कातळावर माझं पाणी संपलं. गुरं चारणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मला कड्याखाली नेलं आणि एक सपाट शिळा सरकवली. खाली ओंजळभर झरा होता. मला पाजून त्यानं शिळा परत जागेवर लावली.

"पिऊन झालं की झाकायचं. अन् कुणाला सांगायचं नाय. लई थोडं हाय."

मी मान डोलावली आणि घरी येऊन वाटेच्या नकाशावर नेमका तिथंच निळा ठिपका टाकला. नकाशा ग्रुपवर पाठवला. वाहवा झाली. मीही फुगलो, मूर्खासारखा.

महिन्याभरानं परत गेलो. शिळा लांब फेकलेली, झऱ्यात बिस्किटाचे कागद, वर साबणाचा तवंग. म्हातारा हातानं गाळ उपसत होता. मला बघून ओळखीचं हसला.

"ह्या लोकांना कुणी दावलं असंल हो?"

"काय माहीत, बाबा."

त्यानं हात धोतराला पुसले आणि घरून आणलेली पाण्याची बाटली माझ्यापुढं धरली. "घ्या. लई लांबून आलात."

माझ्या सॅकमध्ये दोन लिटर पाणी होतं. पण नको म्हणायलाही तोंड उरलं नव्हतं. प्यालो.