तीर्थपुरीला जाऊन नोकरी देऊन आले

माझ्या धाकट्या भावाचं, दत्तूचं, शहागडला महामार्गावर पंक्चरचं दुकान आहे. शुक्रवारी त्याच्या मुलीचा, सारिकाचा फोन आला. "आत्या, सर सर्टिफिकेट देऊनच न्हाई राह्यले. सोमवारी पॉलिटेक्निकचं अ‍ॅडमिशन बंद होतंय." तिनं तीर्थपुरीच्या खासगी केंद्रात वीजतंत्रीचा कोर्स पुरा केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी संभाजीनगरहून एसटीत बसले.

बायकांना अर्धं तिकीट. डावीकडची खिडकी धरू नका, सकाळचं ऊन तोंडावर येतं. शहागडची मिरची भजी झकास. तेलाकडे बघायचं नाही.

तिथून सारिकाला घेऊन जीपमध्ये बसले. जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली असं ड्रायव्हरला कधी वाटत नाही.

"मावशी, सरका जरा. आणखी दोघं बसत्यात."

"बसव माझ्या मांडीवर. मंग भाडं मी घेणार!"

जीप सुटली. अंतरवाली सराटीच्या चौकात चहा घ्या, आलं सढळ हातानं घालतात.

केंद्रात भिंतीवर सगळ्या बॅचचे फोटो होते. प्रत्येक मुलगी त्याच पिवळ्या हेल्मेटात, त्याच हार्डवेअरच्या दुकानापुढे.

"एवढ्या जणी एकाच दुकानात?" मी विचारलं.

"मालक लई दिलदार आहे," सर म्हणाले. "पण मॅडम, आता चौकशीचे फोन येतात, म्हणून तोही ऐकंना. सरकारनं नियम बदललाय. पोरगी कामाला लागली तरच आम्हाला अनुदानाचा शेवटचा हप्ता. पुढं शिकायला गेली की आमचा खर्चा बुडाला."

"म्हणून सर्टिफिकेट अडवायचं? हुशार पोरींनी काय करावं?"

"कामाला लागावं की! हुशार पोरीच जल्दी लागतात."

सारिका पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती. मी खुर्ची पुढे ओढली.

"मी देते नोकरी. माझ्या घराची वायरिंग जुनी आहे. दर रविवारी काम, बराबर मजुरी."

"फक्त रविवारी? चालंल का?"

"तुमच्या नियमात वार लिहिलाय?"

नव्हता. सरांनी हेल्मेट आणलं, आधी माझ्याच डोक्यावर ठेवलं. मी ते सारिकाला दिलं. फोटो झाला, सर्टिफिकेट हातात आलं. बाजारात मोसंबीचा रस प्यायलो. तीर्थपुरीला गेलात तर बर्फ न घालता मागा.

सोमवारी प्रवेश झाला. सारिका आता इथेच, संभाजीनगरला, होस्टेलला असते आणि रविवारी पकड घेऊन हजर होते. केंद्रातून फोन येतो, "पोरगी कामावर आहे का?" आहे, म्हणून मी आहे म्हणते. स्वयंपाकघर झालं, हॉल झाला, बाथरूममध्ये मला नको असलेला दिवाही झाला. प्रवास एका दिवसाचा होता, पण रविवारची दुपारची झोप कायमची गेली.

गेल्या रविवारी तिच्याबरोबर तिची केंद्रातली वर्गमैत्रीण नसीम आली.

"खालाजान, मला बी पुढं शिकायचंय. मेरेकु बी नौकरी देव ना."

मी तिला आधी चपला बाहेर काढायला लावल्या. मग घरभर फिरून भिंती पाहिल्या. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोघींना घेऊन शेजारच्या बाईंकडे गेले आणि दार हातानं ठोकलं. त्यांची बेल बरेच दिवस बंद आहे.