देवीच्या आवारातली माती

आषाढातला तिसरा शनिवार, सकाळी साडेआठ. पेणच्या खाडीकडचं गाव, गावदेवीचं आवार. हजर: मी, माझ्या वर्गातली नसरीन, राहणार रोहा, देवळाचे गुरवकाका, त्यांची सून. गैरहजर: आमचे सर, कारण त्यांची रोह्याहून येणारी गाडी चुकली होती. रोपं चाळीस, सगळी गुलमोहराची, देवळाच्या पडवीत सावलीला. फावडी दोन, घमेली चार. पाऊस दोन दिवस उघडलेला.

ही नोंद माझ्या वहीतली आहे, जशीच्या तशी. मी सगळं लिहून ठेवते. कंपनीच्या स्टोअरमध्ये पंचवीस वर्षं काढल्यावर ती सवय अंगात मुरते. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी नोकरी सोडून मी उद्यानरचनेच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा घरच्यांना वाटलं हे चार महिन्यांचं खूळ आहे. वर्गात बाकीची मुलं विशी-पंचविशीची. पण नकाशे काढायला, रोपांच्या याद्या करायला, कोणत्या आठवड्यात काय करायचं हे ठरवायला मला मनापासून आवडत होतं, आणि मला वाटलं होतं की बाग म्हणजे एवढंच.

पहिल्याच कामाने ते खोटं ठरवलं. रोह्यातल्या एका वसाहतीचं आवार आम्हाला सरावासाठी मिळालं होतं आणि आखणी माझ्याकडे होती. मी रोपं उंचीप्रमाणे आणि फुलांच्या रंगाप्रमाणे मांडली. कागदावर फार छान दिसत होतं. पावसाळ्यात तिथे घोटाभर पाणी साचतं हे तिथल्या कुठल्याही माणसाने मला एका वाक्यात सांगितलं असतं, पण मी कोणाला विचारलंच नव्हतं. श्रावण संपेपर्यंत एकही रोप उभं राहिलं नाही. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "कागद चांगला होता, पण जागेशी बोलला नाहीत." मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. मेलेली रोपं उपटून पोत्यात भरताना मी मनाशी ठरवून टाकलं, पुढचं कामही असं गेलं तर शिकणं सोडायचं. आपल्या हाताने जिवंत वस्तू मारत बसण्यापेक्षा घरी बसलेलं बरं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या वर्षीचं काम म्हणजे हे देवीचं आवार. तिथली जुनी झाडं एका वादळात आडवी झाली होती, आणि चैत्रातल्या जत्रेला बायाबापड्या उघड्या उन्हात बसत होत्या. तिथे झाडं लावायला गावाने आनंदाने होकार दिला. आवार मुरूम टाकून सपाट केलेलं असल्यामुळे प्रत्येक खड्ड्यात बाहेरून आणलेली माती भरावी लागणार होती. तीही मी वेळेत मागवली. ट्रॅक्टरवाल्याला स्पष्ट सांगितलं होतं, चांगली काळी माती हवी. त्याने दोन ट्रॉल्या टाकल्या. माती इतकी काळी आणि मऊ होती की मी तिच्यापुढे वहीत दोनदा बरोबरची खूण केली. गुरवकाकांनी आधीच बजावलं होतं की खड्डे खणा, भरा, त्याला हरकत नाही. पण झाड लावायच्या दिवशी देवीला कौल लावावा लागेल. मी तेही यादीत घातलं. 'कौल, दहा मिनिटं' असं लिहिलं होतं. आज ते वाचताना मला माझीच लाज वाटते, आणि हसूही येतं.

मी नास्तिक नाही. पण देवीला विचारायचं आणि तिने उत्तर द्यायचं, हे मला कधी पटलेलं नव्हतं. मी हात जोडून उभी राहिले ते रीत म्हणून. गुरवकाकांनी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, की ही तुझी लेक झाडं घेऊन आली आहे, लावू दे म्हणत असशील तर उजवा दे. नसरीन पडवीच्या पायरीवर बसून पाहत होती. बराच वेळ काही हललं नाही. मग डावीकडची पाकळी सुटली आणि खाली पडली.

"आई नाय म्हणते," गुरवकाका म्हणाले. "आज नाय."

"काका, पुन्हा एकदा लावून बघता का?"

"ताई, पुन्हा विचारायचं म्हंजे आम्हाला ऐकू आलं नाय असं सांगायचं. माझी नाय हिंमत."

नसरीनला राहवलं नाही. "काकी, तुमच्या यादीत सगळ्यांच्या सह्या हायत. एक हिचीच राहिली."

मला हसू आलं नाही. मी देवीसमोरच बसून राहिले, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात भांडले. म्हटलं, तुझ्याच बायांना सावली देते आहे, त्यात तुला नको म्हणण्यासारखं काय आहे? आणि मग जे कोणाला बोलले नव्हते ते तिला बोलून गेले. हेही काम बिघडलं तर मी शिकणं सोडणार आहे, तुला ठाऊक असू दे. डोळे भरून आले याचं मलाच आश्चर्य वाटलं. मी पटकन उठले, कारण रडत बसणं यादीत नव्हतं.

आवाराच्या भिंतीबाहेर सहा खड्डे होते. ते देवीच्या आवारात धरले जात नाहीत, असा मी माझ्या सोयीचा अर्थ काढला. निदान तेवढे तरी उरकू म्हणून फावडं घेऊन बाहेर आले आणि पहिल्या खड्ड्यातली माती मोकळी करायला लागले. गुरवकाका दारात उभे राहून पाहत राहिले.

तेवढ्यात खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाकडून एक म्हातारी आली. काष्टी नेसलेली, डोक्यावर सुकटीची पाटी, पेणच्या एसटीला निघालेली. पाटी भिंतीवर टेकवून तिने माझं काम जरा वेळ पाहिलं. मग वाकली, चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. लगेच थुंकली.

"ही माती कुठशी आनलीस गो बाय?"

मी सांगितलं, ट्रॅक्टरवाल्याने आणली, चांगली काळी आहे.

"काळी हाय, पन खारी हाय. बांधाच्या भायेरची, खाडीची. यान झाड लावशील तं दिवाली बघनार नाय."

"तुम्हाला नुसत्या चवीवरून कसं कळलं?"

"मिठागरान जलम गेला माजा," ती म्हणाली. "डोले फसतील, जीब नाय फसायची. चाख की! इख नाय ते."

मी इकडेतिकडे पाहिलं आणि एक कण जिभेवर ठेवला. खारट. आमटीत मीठ जास्त पडावं तितकं स्पष्ट खारट. नसरीननेही चाखली आणि तोंड वेडंवाकडं केलं. "काकी, दोन ट्रॉल्या लोणचं मागवलंत!" म्हातारी तोंडाला पदर लावून हसली.

मी मात्र उरलेल्या खड्ड्यांकडे पाहिलं. चाळीस खड्डे त्याच मातीने भरलेले होते. मी यादीत मातीचा रंग पाहिला होता, पोत पाहिला होता, किती लागेल ते मोजलं होतं. तोंडात घालून बघायचं कुठल्याच धड्यात नव्हतं, आणि मिठागराच्या गावात येऊन ते कोणाला विचारावं असंही मला सुचलं नव्हतं. रोह्याला केलेली चूक मी पुन्हा करणार होते, आणि अर्ध्या तासापूर्वीच केली असती. ती पाकळी उजवीकडची पडली असती तर.

म्हातारीला घाई होती, तरी ती आवारात एक फेरी मारून आली. बांधाच्या आतल्या जुन्या तळ्याकाठची माती गोडी आहे, ती आणा म्हणाली. माझा नकाशा मी तिला दाखवला नाही, पण तिने विचारलं, जत्रेला बाया कुठे बसतात? मी दोन्ही बाजूंना सारख्या रांगा आखल्या होत्या. गुरवकाकांची सून म्हणाली, बाया विहिरीच्या अंगाला बसतात, दुपारचं ऊन तिथेच पडतं. "मंग झाडं थय लाव," म्हातारी म्हणाली. "भेंड लाव, करंज लाव. नि विहिरीच्या कोपऱ्याव एक उंडी लाव. खारा वारा लागला तरी ती हसत ऱ्हाते." मग पाटी डोक्यावर घेऊन ती निघाली. मी नाव विचारेपर्यंत एसटीचा भोंगा वाजला आणि ती पळालीच. त्या वयात तिला तसं पळताना पाहून नसरीन म्हणाली, "काकी, तुमच्याच्याने नाय व्हायचं."

त्या दिवशी आम्ही एकही झाड लावलं नाही. खड्डे उपसायला सुरुवात केली. दुपारी सर आले, त्यांनी माती चाखली आणि फावडं उचललं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "ताई, काळी मागितलीत, काळी आनली. गोडी मागितली असती तर गोडी आनली असती." त्याचं काही चुकलं नव्हतं. तळ्याकाठची माती आणून भरेपर्यंत दोन शनिवार गेले. मधल्या काळात मी गुलमोहराची रोपं परत केली, भेंड आणि करंज आणले, आणि गुरवकाकांच्या सुनेला विचारून नकाशा नव्याने काढला. मग पुन्हा कौल लावला. या वेळी मी वेळ लिहिली नव्हती. ओल्या पाकळ्यांकडे पाहत किती वेळ बसले ते मला सांगता येणार नाही. उजवी पडली. गुरवकाका म्हणाले, "आता लावा, ताई," आणि नसरीनच्या हातावर पहिला प्रसाद ठेवला.

आता मार्गशीर्ष चालू आहे. दोन रोपं शेळीने खाल्ली, बाकीची सगळी धरली आहेत. वर्ग मी सोडला नाही. त्या म्हाताऱ्या बाईबद्दल मी दोन-तीनदा चौकशी केली. कोणी म्हणतं पलीकडच्या गावची, लेकीकडे आली असेल. कोणाला आठवत नाही. मी तिला देवी म्हणत नाही. तिला एसटी गाठायची होती, तिची सुकट बाजारात पोचायची होती. आणि पाकळी ओली होती, कधीतरी पडणारच होती, हेही मला कळतं. पण त्या सकाळी मला दोनदा कोणीतरी थांबवलं, एकदा आतून आणि एकदा बाहेरून, आणि मी थांबले म्हणून ही झाडं आज उभी आहेत. त्याचा हिशोब मला लावायचा नाही. मी देवीसमोर जाते, हात जोडते, आणि आता खरंच विचारते. याद्या अजून करते. फक्त पहिल्यासारखं वाटत नाही की त्या माझ्या हुकमाने चालतात. कोणी नाही म्हटलं की आधी गप्प बसून ऐकावं, एवढं शिकायला मला बावन्न वर्षं आणि दोन ट्रॉल्या खारी माती लागली.

उंडी मात्र राहिली आहे. पेणच्या रोपवाटिका झाल्या, रोह्याच्या झाल्या, कोलाडला विचारून झालं. रोप कुठेच नाही. सर म्हणाले, तात्पुरता तिथे एखादा चाफा लावू. गुरवकाका ऐकत नाहीत. "उंडी सांगितली हाय, उंडीच लागंल," म्हणतात, आणि विहिरीच्या कोपऱ्यातल्या त्या रिकाम्या खड्ड्यात कोणाचा पाय जाऊ नये म्हणून त्यांनी चारी बाजूंना काटक्या रोवल्या आहेत. नसरीनची खाला, म्हणजे मावशी, रोह्याजवळ निडीला राहते. तिच्या शेजारच्या परड्यात एक जुनी उंडी आहे म्हणे. बिया पडल्या की निरोप येईल. निडीला जायचं आहे. अजून झालेलं नाही.