प्लॅस्टरकाकूंची विजेची सायकल

आमच्या गल्लीतली निम्मी हाडं प्लॅस्टरकाकूंच्या हाताखालून गेलेली आहेत. हाडं जुळवली डॉक्टरांनी, हे खरं. पण डॉक्टर कुणाच्या लक्षात राहतो? ओली पट्टी गुंडाळता गुंडाळता "पडलास ते पडलास, निदान शर्यत तरी जिंकलास का?" असं विचारणाऱ्या काकू मात्र जन्मभर लक्षात राहतात. मोठ्या दवाखान्यात प्लॅस्टर घालण्यात त्यांनी उभी नोकरी काढली. त्यांना माणसाचं नाव आठवत नाही, हाड आठवतं. मला त्या अजून "डावं कोपर" म्हणतात, आणि मीही ओ देतो.

सायकलचा नाद त्यांना दवाखान्यातच लागला. त्यांचं म्हणणं असं, की जिन्यावरून पडलेले लोक रडत येतात, स्कूटरवरून पडलेले भांडत येतात, पण टेकडीवरच्या उद्यानात सायकलवरून पडलेले तेवढे हसत येतात. एवढं तिथे आहे तरी काय, ते बघायला काकू एका रविवारी गेल्या, आणि मग दर रविवारी जात राहिल्या. बरोबर तीन मैत्रिणी, तिघीही जुन्या पेशंट. त्यांची नावं अर्थातच मनगट, घोटा आणि खांदा. अरुंद पायवाटेने झाडीतून माथा गाठायचा, वर सपाट खडकावर बसून जगातल्या सगळ्यांची उणीदुणी काढायची आणि ताज्यातवान्या होऊन खाली यायचं, असा त्यांचा कार्यक्रम.

इतक्या वर्षांत काकू सायकलवरून एकदाही पडल्या नाहीत. पडल्या त्या घरात, स्टुलावर चढून पडद्याची दांडी लावताना. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण चढावर जोर लावायचा नाही. मग मुलाने त्यांना विजेची सायकल आणून दिली. पायडल मारलं की मोटर मागून हळूच ढकलते, अशी. काकूंनी ती गल्लीत पहिल्यांदा चालवली तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता, की जणू कुणी त्यांना न सांगता त्यांचं वय कमी करून ठेवलं आहे.

पण उद्यानाच्या फाटकावर होती त्यांची सून.

सून उद्यानात रखवालदार आहे. खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी आणि कपाळावर कायमची एक आठी. नियम बदलला की आधी ती स्वतः पाठ करते, मग दुसऱ्यांना ऐकवते. आणि विजेच्या सायकलींचे नियम तर त्या वर्षी लहान मुलाच्या हट्टासारखे बदलत होते. आधी सरसकट बंदी. मग रुंद रस्त्यावर परवानगी. मग दोन पोरांनी भरधाव जाऊन एका जॉगिंग करणाऱ्या गृहस्थांना झुडपात घातलं, तेव्हा रुंद रस्ताही बंद. अरुंद पायवाटेचं तर कुणी नावही काढत नव्हतं.

काकू नवी सायकल घेऊन फाटकावर गेल्या, तेव्हा सुनेने हात आडवा केला आणि म्हणाली, "बाई, विजेची सायकल आत चालत नाही."

"बाई? मी तुझी सासू आहे."

"ते घरी. इथे तुम्ही सायकल आहात."

काकू परत आल्या. त्या दिवशी जेवताना दोघी मीठसुद्धा मुलाकरवी मागत होत्या. मुलगा बेकरीत रात्रपाळी करतो, घरी येतो तो डोळे मिटतच. आई आणि बायको यांच्यात पडायचं नाही, हा शहाणपणा त्याला पिठाबरोबरच मळून मिळाला असावा.

रविवार जात राहिले. सुरुवातीला मनगट, घोटा आणि खांदा उतरताना काकूंकडे चहाला थांबत. मग एकेक जण घाईत असायला लागली. आल्या तरी बोलणं माथ्यावरचं निघे. खडकाजवळ कोसळलेलं झाड, नव्याने यायला लागलेले एक विचित्र आजोबा. काकू हसायच्या, पण हसू अर्ध्या क्षणाने मागे राहायचं. एकदा कपबशा विसळताना मला म्हणाल्या, "डावं कोपर, विनोद सांगून झाल्यावर तो आपल्याला समजावून द्यावा लागला ना, की समजावं, आपण त्या घोळक्यातून उठलो." मी कप पुसत राहिलो.

आणि एका संध्याकाळी, युनिफॉर्मची घडी घालता घालता, पाठमोरी राहूनच सून म्हणाली, की उद्यानाचे साहेब अरुंद पायवाटेवर एक चाचणी घेणार आहेत. माणसांच्या चालीने विजेची सायकल वर नेऊन दाखवायची. कुणी दचकलं नाही आणि वाट उखडली नाही तर परवानगी, नाहीतर विषय कायमचा संपला. साहेबांना भरवशाचा सायकलस्वार हवा होता. "मी तुमचं नाव दिलंय," ती म्हणाली, आणि घडी मोडून पुन्हा घालत बसली.

आठवडाभर गल्लीत सराव चालला. सून मागून "हळू, आई, हळू" म्हणायची, आणि प्रत्येक "हळू"ला काकूंचा वेग वाढायचा. सुनेचं ऐकलं असं दिसायला नको, एवढ्यासाठी त्यांनी समोरच्यांची एक कुंडी फोडली आणि एका मांजराला भिंतीवर चढवलं. शेवटी बेकरीतून आलेला मुलगा दारात उभा राहून बायकोला म्हणाला, "तू तिला हळू सांगणं बंद कर," आणि झोपायला गेला. वर्षभरात त्या घरात त्याने दिलेलं ते एकमेव मत.

चाचणीच्या सकाळी साहेब, उद्यान समितीचे दोन सभासद आणि फिरायला आलेली बरीच रिकामटेकडी मंडळी फाटकाशी जमली. त्या मंडळींत मीही होतो. सून काकूंच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "आई, आज सोडा बिनधास्त. दाखवाच साहेबांना."

काकूंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग निघाल्या. दुधाचा काठोकाठ भरलेला पेला घेऊन कुणी पाळण्याजवळून जावं, तशा. वळणावर एक बाई लेकराला घेऊन उभी होती, तिला आधी जाऊ दिलं. मुळांवरून चाक अलगद नेलं. साहेबांना धाप लागली तेव्हा त्यांच्यासाठी थांबल्याही. माथ्यावर साहेबांनी घाम पुसला, वाकून वाट न्याहाळली आणि मान डोलावली.

रात्री सुनेला राहवलं नाही. आपली युक्ती कशी लागू पडली, ते तिने सांगून टाकलं.

"मी काय कुकुलं बाळ आहे?" काकू म्हणाल्या. "तू उलटं बोललीस ते मला तिथेच कळलं."

"मग गेलात कशा हळू?"

"मला वर जायचं होतं गं."

दुसऱ्या दिवशी सुनेने न विचारता बॅटरी चार्जिंगला लावून ठेवली.

नवा नियम लागला. रविवारी सकाळी अरुंद पायवाटेवर विजेची सायकल चालेल, पण माणसाच्या चालीने, आणि उतरायचं रुंद रस्त्याने. पहिल्या रविवारी चौघी निघाल्या. काकूंना वेग वाढवायची सोय नाही, म्हणून त्या तिघींनीही हळू घेतलं. हळू सायकल चढावर नेणं किती दमवतं, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. पहिल्याच वळणाला मनगट, घोटा आणि खांदा तिघींची फुप्फुसं तोंडाशी आली. काकूंना मात्र घामाचा थेंब नाही, आणि पोटात महिनोन्महिन्यांचं साठलेलं बोलणं. समोरच्या कुंडीवाल्यांपासून सुरुवात झाली. मध्येच तोडायला कुणाकडे श्वास नव्हता.

खाली फाटकावर सुनेला तो आवाज झाडीतून वर वर जाताना बराच वेळ ऐकू येत होता. आपलं नाव दोनदा आलेलंही तिने ऐकलं. कपाळावरची आठी न मोडता ती हसली, आणि मागून भरधाव येणाऱ्या एका पोराला तिने हात आडवा केला.