फ्राऊ येते

रत्नाकाकूंच्या घरून निघताना कुणी चुकून "जातो" म्हणालं, की काकू पिठाचा हात तसाच आडवा धरून त्याची वाट अडवायच्या. "जातो म्हणू नये रे. येतो म्हणावं." अमेरिकेत सिएटलजवळच्या बॉथेलमधली सॉफ्टवेअरवाली पोरं, कुणी नागपूरची, कुणी पुण्याची, शनिवारी त्यांच्याकडे पिठलं-भाकरीला जमायची. त्यांना हे पाठ झालं होतं. चपला घालतानाच सगळी एका सुरात म्हणायची, "येतो काकू!"

ऐकत नव्हता तो एकच, आणि तो घरचाच. प्रल्हादकाका. उभा जन्म विमानाच्या कारखान्यात इंजिनियर. सकाळी गाडीची किल्ली उचलून मुद्दाम म्हणायचे, "जातो गं."

"अहो, येतो म्हणा."

"शब्दानं कुणी परत येत नाही, रत्ना. ब्रेक लागतात म्हणून येतो."

मग काकूच त्यांच्या वतीनं पुटपुटायच्या, "येतो म्हणालेत हो." देवाला ऐकू जाईल इतपत, काकांना नाही.

काका रिटायर झाले आणि जिना चढताना त्यांना दम लागायला लागला. हृदयातली झडप आकसली आहे, छाती उघडून बदलावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. जुलैतली तारीख मिळाली. युरोपची तिकिटं मात्र मे महिन्यातली, आधीच काढलेली. मुलगा परीक्षित कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोहून फोनवर ओरडला, "बाबा, सगळं कॅन्सल करा!" काकांनी सरळ डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, हळूहळू फिरून या, पण जिने नकोत, चढ नको, दमायचं नाही.

काकूंनी तेवढंच ऐकलं आणि ओढणीला गाठ मारली.

त्यामुळं झालं काय, की दोघांनी युरोप बघितला तो खालून. पॅरिसला त्या लोखंडी मनोऱ्याखाली उभं राहून काका लहान मुलासारखे वर बघत होते. "लिफ्ट आहे गं."

"लिफ्टची रांग बघितलीत? तुमच्या कारखान्यातलं सगळं लोखंड उभं केलंय म्हणा आणि चला." असं म्हणून काकूंनी त्यांना समोरच्या हॉटेलात नेऊन बसवलं. तिथं झुंबरं काय, टेबलांवर पांढऱ्याशुभ्र चादरी काय! आणि वाढप्यानं पाव आणून ठेवला तो थेट चादरीवर. काकू बघतच राहिल्या. "एवढा थाट, आणि पावाला ताटली मिळेना?" त्यांनी रुमालाची घडी केली आणि पाव उचलून तिच्यावर ठेवला. वाढप्यानं तो पुन्हा चादरीवर ठेवला. काकूंनी पुन्हा रुमालावर. शेवटी तोच दमला.

व्हेनिसला तर आणखी पंचाईत. गल्लीगल्लीत पाणी, पाण्यावर पूल आणि पुलाला पायऱ्या. "गाव कसलं, नुसता जिना!" काकू म्हणाल्या, आणि काकांना कबुतरांच्या चौकातून हलू दिलं नाही. लोक उभ्याउभ्या एका घोटात कॉफी पिऊन पळत होते. "कॉफीला बसायला वेळ नाही यांना, आणि जेवायला बसले की उठत नाहीत." काका हसले, पण डोळे पुलाकडे होते.

मग आलं व्हिएन्ना. तिथं एका जुन्या कॉफीच्या दुकानात काकू शिरल्या, त्या काकांना बसवायलाच. दुकान चालवणारी बाई काकूंच्याच वयाची, पांढऱ्या केसांचा अंबाडा. तिनं कॉफी आणली, आणि कॉफीशेजारी न मागता पाण्याचा ग्लास.

काकूंना भरूनच आलं. "बघा! आल्यागेल्याला आधी पाणी द्यावं, हे कळणारं एक तरी गाव निघालं." अख्ख्या युरोपला काकूंनी त्या ग्लासात माफ केलं. निघताना त्यांनी त्या बाईचा हात धरला, दुसरा हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि म्हणाल्या, "येते हं. येते."

बाईनंही आपल्या छातीवर हात ठेवला. "ग्रेटे. ग्रेटे."

रस्त्यावर आल्यावर काकू म्हणाल्या, "ऐकलंत? त्यांच्यातही असंच म्हणतात. आपण येते, त्या ग्रेटे."

दुसऱ्या दिवशी काका हटून बसले. गावातल्या मोठ्या चर्चच्या मनोऱ्यावर चढायचं म्हणाले. काकूंनी दंड धरला.

"सोड. हळूहळू जातो."

"नाही म्हणजे नाही."

"मग बघायचं कधी, रत्ना?" काकांचा आवाज चढला. "जुलैनंतरचं कुणी बघितलंय?"

इतके दिवस दोघंही ज्याच्या कडेकडेनं चालत होते, ते असं भर रस्त्यात बाहेर पडलं. काकूंनी दंड सोडला नाही. दोघं तसेच चालत राहिले, वाऱ्याची झुळूक गार होती, आणि पाय आपोआप कालच्या दुकानाकडे वळले.

आत गर्दी होती. पण खिडकीपाशी एक टेबल रिकामं, पाण्याचे दोन ग्लास भरून ठेवलेले, आणि मधे एक कार्ड उभं. काकांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. मग खुर्ची धरून त्यांनी त्या पांढऱ्या अंबाड्याच्या बाईला विचारलं, की हे काय. ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "काल आम्ही नावं सांगितली ना एकमेकींना. मी ग्रेटे. ही येते. मी म्हटलं, उद्याही येईल बहुतेक."

कार्डावर लिहिलं होतं, फ्राऊ येते. म्हणजे आपलं येतेबाई.

काका हसायला लागले. इतके हसले, की काकू घाबरून म्हणाल्या, "अहो हळू, झडप!" त्यावर आणखी हसले. डोळे पुसले आणि ते पुसता पुसताच काकूंचा हात हातात घेतला. "येतेबाई, तुमचं नाव फार चांगलं आहे हो." मनोऱ्याचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. निघताना काकू ग्रेटेला परत "येते" म्हणाल्या, या खेपेला मनापासून शब्द देऊन.

जुलै आला. सिएटलच्या हॉस्पिटलात काकांना निळा गाऊन घालून चाकाच्या पलंगावर झोपवलं. परीक्षित आईच्या खांद्यावर हात टाकून उभा होता. काकूंच्या ओठांवर ते वाक्य तयारच होतं, काका "जातो" म्हणाले की पुटपुटायचं. तेवढ्यात नर्स आली. तिकडं रिवाजच आहे, मनगटावर नावाची पट्टी असली तरी दर वेळी नाव विचारायचं.

"व्हॉट इज युअर नेम, सर?"

काकांनी काकूंकडं बघितलं. "मिस्टर येतो," म्हणाले.

नर्स पट्टी बघते, काकांकडं बघते, पुन्हा पट्टी बघते. परीक्षित गडबडीनं खरं नाव सांगायला लागला. उभ्या जन्मात पहिल्यांदा काकूंना पुटपुटायला काही उरलंच नव्हतं. पलंग दारातून आत गेला आणि त्या बाहेरच्या खुर्चीत, छातीवर हात ठेवून बसून राहिल्या.

काकांनी नीट डोळे उघडले ते दुसऱ्या दिवशी. घशातली नळी काढलेली, आवाज खरखरीत. पाणी मागितलं. नर्सनं चमच्यात बर्फाचा खडा आणून दिला.

"बघ," काका काकूंना म्हणाले, "पाणी मागितलं तर बर्फ देतात. ग्रेटे बरी होती."

काकूंनी चमचा हातात घेऊन खडा त्यांच्या ओठांना लावला.

"आता बोलू नका," त्या म्हणाल्या. "आलात ना. बास झालं."