दसऱ्यापर्यंत बंद ठेवलेली गोळी

आमच्या ह्यांनी जन्मात माझं कधी ऐकलं नाही. तंबाखू सोडा म्हटलं, सोडली नाही. धाप लागतेय, दाखवून या म्हटलं, तर सोलापुरातल्या चादरीच्या कारखान्यातून एक दिवस थेट दवाखान्यातच उचलून न्यावं लागलं. हृदयातली झडप खराब झाली होती. ती काढून धातूची बसवली.

घरात शांत असलं की तिची टिकटिक ऐकू यायची. शेजारीण विचारायची, नवं घड्याळ घेतलंत काय? मी म्हणायचे, "व्हय, पण वेळेवर घरी येत न्हाय." हे हसायचे. वर्षभरात परत मागावर उभे राहिले. डॉक्टरांनी एकच बजावलं होतं, रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, जन्मभर, आणि महिन्याला रक्ताची तपासणी.

नवरात्रात घट बसले आणि दुसऱ्याच दिवशी ह्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मोरीत लाल थुंकी बघून माझं डोकंच फिरलं. आमच्यात घट बसल्यावर नखंसुद्धा काढत नाहीत, आणि हे घरात रक्त सांडतायत.

"गोळीनंच होतंय हे. दसऱ्यापातूर बंद ठेवा."

"डॉक्टरनं एक दिवस बी चुकवू नको म्हटलंय की."

"डॉक्टरच्या घरात घट बसलेत काय?"

त्यांनी हातातली गोळी परत डबीत टाकली. गोळ्यांची डबी मीच उचलून वरच्या फळीवर ठेवली.

आठव्या माळेला जेवताना त्यांच्या हातातला भाकरीचा तुकडा पडला. उचलायला गेले तर हात उठेना, तोंड वाकडं झालेलं. डॉक्टर म्हणाले, झडपेवर रक्ताची गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली. रक्त येत होतं तर तपासून गोळी कमी केली असती, अशी बंद करायची नव्हती. मी मान खाली घालून ऐकलं. बंद कुणी केली हे काही मी सांगितलं नाही.

उजवी बाजू गेली, वाचा गेली. लोक म्हणतात, देवीनं वाचवलं. माझी तर तिच्यापुढं उभं राहायची हिंमत होत नाही. आता रोज संध्याकाळी गोळी मी माझ्या हातानं देते, एक दिवस चुकवत नाही. काय उपयोग?

परवा राहवलं नाही. म्हटलं, "अहो, जन्मभर माझं ऐकलं न्हाय, मग त्याच दिवशी कशाला ऐकलं? चार शिव्या तरी घाला मला."

त्यांनी डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं.