मूग, भाकरी आणि भरलेलं ताट

साल बत्तीस किंवा तेहतीस असावं. तेव्हा मी अडीच मणांचा होतो. हा आकडा अंदाजाचा नाही. सात रस्त्याजवळच्या लाकडाच्या वखारीत मी स्वतःला काट्यावर घालून घेतलं होतं. एका पारड्यात मी उकिडवा बसलो, दुसऱ्यात वखारवाल्याने लोखंडी वजनं रचली, आणि सरपण न्यायला आलेली चार माणसं आपलं काम विसरून उभी राहिली. वखारवाला भला माणूस. तो हसला नाही. एवढंच म्हणाला की मागच्या महिन्यात ओल्या बाभळीचा एक ओंडका आला होता, तो एवढाच भरला होता.

वखारीत जायची वेळ आली ती सरकारी डॉक्टरांमुळे. मी कचेरीत चार वर्षं हंगामी कारकून होतो. हंगामी म्हणजे काय ते ज्याने भोगलंय त्यालाच कळतं. दरवर्षी मार्च जवळ आला की मी दिवस मोजायला लागायचो, या खेपेला आपलं नाव यादीत राहतं की उडतं. शेवटी एकदाची कायमची जागा निघाली, साहेबांनी माझं नाव घातलं, आणि प्रकृतीच्या दाखल्यासाठी मला दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, दोनदा जिना चढायला उतरायला लावला, आणि मी धापा टाकत समोर उभा राहिलो तेव्हा मान हलवली. म्हणाले, दाखला देता येणार नाही. तीन महिने देतो, पंचवीस रत्तल उतरवून या. रत्तल म्हणजे पौंड. हेडक्लार्कने कचेरीत बाकीचं सांगितलं: तीन महिन्यांत दाखला आला नाही तर दुसऱ्याचं नाव जाईल.

घरात आई, बायको आणि पाच महिन्यांची मुलगी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. चुलत्यांकडे हात पसरायची माझी तयारी नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यांचीही नव्हती. तेव्हा दाखला मिळवणं आलं.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. सकाळी कचेरीला जाण्याआधी ज्वारीची दीड भाकरी, बिनफोडणीचं मुगाचं वरण, एक पालेभाजी, पातळ ताक. संध्याकाळी एक भाकरी आणि तेच. भात, तूप, साखर, तळलेलं आणि शेंगदाणे बंद. आईला वाचता येत नसे. तिने तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. शेंगदाण्यापाशी तिने मला थांबवलं आणि विचारलं, शेंगाची चटणीसुद्धा नाही? मी म्हटलं, नाही. सोलापुरात राहून शेंगाची चटणी बंद करायला सांगणारा डॉक्टर कोकणातला असणार, असं तिचं मत पडलं आणि ते शेवटपर्यंत बदललं नाही. पण एकदा पथ्य म्हटल्यावर आईने ते व्रतासारखं धरलं. एकादशी येवो, पाहुणा येवो, माझ्यापुढे मूग आणि भाकरी.

पहिला आठवडा मी मूग खाल्ले. दुसऱ्या आठवड्यात मुगांनी मला खाल्लं. सकाळी उठल्यावर आज काय जेवण आहे हा विचार करण्यात माणसाला केवढं सुख असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. आता विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. थंडीचे दिवस, गावाकडून हुरड्याची आमंत्रणं यायची, गड्ड्याची जत्रा तोंडावर आलेली. कचेरीतले लोक दुपारी डबे उघडायचे आणि मी पाणी पिऊन खिडकीशी उभा राहायचो. संध्याकाळी तळ्याला दोन वळसे घालायचो. दर रविवारी वखारीत जायचो. वखारवाल्याला माझ्या वजनाची गोडी लागली होती. "दोन शेर उतरलं की साहेब," असं तो गिऱ्हाईक सोडून रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायचा. त्या ओरडण्याने मला फार बळ दिलं. आपलं कमी होणं कोणाला तरी आवडतंय, हे त्या दिवसांत मोठंच होतं.

सहा आठवड्यांत आठ शेर गेले. म्हणजे रत्तलांत सोळाच्या आसपास. मी स्वतःवर खूश होतो.

आमच्या भिंतीपलीकडे मागावर विणणारं एक तेलुगू कुटुंब राहत असे. त्यांच्यातली थोरली बाई फटकळ होती आणि मला तिची थोडी भीतीच वाटायची. एके दिवशी सकाळी मी कचेरीला निघालो तर ती दारातच उभी. म्हणाली, "अण्णा, रागावू नका. तुमी वाळताय ते तुमच्या मनानं. ती तुमची बायको कशापायी वाळायलीय? लेकराला दूध पुरत न्हाय. दिवसभर रडतंय. तुमाला कचेरीत ऐकू येत न्हाय."

मुलगी रडते हे मला माहीत होतं. दात येत असतील असं मी धरून चाललो होतो. बायकोकडे मात्र मी नीट पाहिलंच नव्हतं. पाहायला वेळ कुठे होता, मी स्वतःकडेच पाहत होतो. त्या दिवशी पाहिलं तर तिच्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकत होत्या.

इथे त्या वेळची रीत सांगायला हवी. आमच्यासारख्या घरांत पुरुष आधी जेवून उठत आणि नवऱ्याचं ताट तसंच राही. त्याच ताटात मग बायको जेवायला बसे. हवं ते वाढून घ्यायची तिला मुभा होती. पण ताट नवऱ्याचं. पूर्वी माझ्या ताटात काही ना काही उरायचंच, कारण आई वाढायला बसली की तिचा हात थांबत नसे. पथ्य सुरू झाल्यापासून मी भाकरीचा शेवटचा तुकडासुद्धा वरणाच्या वाटीत फिरवून खायचो. ती मागाहून पातेल्यातलं घेत असेल असं मी गृहीत धरलं होतं. पुरुषांनी गृहीत धरलेल्या गोष्टींचं एक वेगळं गाठोडं बांधायला हवं.

संध्याकाळी ती आडावर पाणी काढत होती तेव्हा मी विचारलं. हातातला दोर न सोडता म्हणाली, "दाखला मिळेपर्यंत तुमच्या ताटात नाही ते मी खायचं नाही. देवापुढे बोललेय."

मला राग चटकन येतो. मी तिला नाही नाही ते बोललो. अंगावर पिणारं मूल असताना हा कसला नेम, देव काय मुगावर प्रसन्न होतो का, माझं वजन तुझ्या उपाशी राहण्याने उतरतं का. तिने सगळं ऐकून घेतलं आणि घागर उचलून आत गेली. देवापुढे बोललेलं ती मोडणार नव्हती. दाखला तिला माझ्याहून जास्त हवा होता, हे मला तेव्हा कळलं. मार्चचे ते दिवस तीही मोजत होती, फक्त तिने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आईला सांगावं तर तीही पंचाईत. बायकोच्या खाण्यापिण्याची चौकशी आईजवळ करणाऱ्या मुलाला काय म्हणतात ते तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पथ्य सोडून देऊन सरळ जेवावं, असंही मनात आलं. मग तीही जेवली असती. पण दाखला गेला असता आणि तिचे सहा आठवडे पाण्यात गेले असते. दोन दिवस मी कचेरीत डोकं धरून बसलो. एका दाव्याची नक्कल करताना वादीला प्रतिवादी करून ठेवलं आणि बोलणी खाल्ली.

बोलणी खातानाच सुचलं. तिची शपथ माझ्या ताटाची होती. मग ताटच भरायचं.

दुसऱ्या दिवशी पानावर बसताना आईला म्हटलं, पथ्य आहे तसंच चालू दे, पण हे मोकळं ताट पाहून जेवणावरची वासना उडते. सगळं वाढत जा. मला चालेल तेवढंच मी खाईन. आईने काही न विचारता भात वाढला, त्यावर तुपाची धार सोडली, वांग्याची भाजी, पोळी, दूध, आणि डाव्या बाजूला शेंगाची चटणी, वर तेलाचा थेंब.

माझं पथ्य खऱ्या अर्थाने सुरू झालं ते त्या दिवशी. ताटाच्या एका कोपऱ्यात मूग आणि भाकरी, आणि बाकीचं ताट वासाने मला हाका मारतंय. मी खाली मान घालून कोपऱ्यातलं संपवलं आणि उठलो. ती ताटावर बसली तेव्हा मी पडवीत सुपारी कातरत होतो. आतून बराच वेळ काही आवाज आला नाही. ताटातलं टाकायचं नसतं, आणि ते ताट माझंच होतं. मग भात कालवल्याचा आवाज आला. आयुष्यात पुष्कळ गाणं-बजावणं ऐकलं, पण त्या आवाजासाठी मी कान असे कधी लावले नव्हते.

संध्याकाळी आडावर ती एवढंच म्हणाली की ही लबाडी आहे. मी म्हटलं, देवाने विचारलं तर माझं नाव सांग. ती हसली. फार दिवसांनी हसली.

पुढचे सहा आठवडे हे असं चाललं. मी मोठा संयमी वगैरे होतो असं कोणी समजू नये. संक्रांतीला ताटात दोन गुळाच्या पोळ्या होत्या. आई चुलीकडे वळली तेव्हा मी अर्धी पोळी मोडून तोंडात टाकली, आणि गिळायच्या आत आठवलं की ही माझी नाही. अर्धी पोळी चोरल्याची लाज मला आजही वाटते, आणि ती चव आजही आठवते, दोन्ही खरं. त्या दिवशी तळ्याला चार वळसे घातले.

आईचा हात मात्र सैल होत गेला. रोज काहीतरी नवीन ताटात यायचं. पुढे पुढे अळिवाचे लाडू यायला लागले. बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात ते लाडू माझ्या ताटात कशाला, हा प्रश्न मला पडला नाही. मी ते न खाण्यात गुंतलो होतो. मुलीचं रडणं कमी झालं. पलीकडच्या बाईने एकदा तिला मांडीवर घेऊन तिचे गाल ओढले आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. तिचे उपकार मी फेडू शकलो नाही. ती बोलली नसती तर मी वजन उतरल्याच्या आनंदातच राहिलो असतो.

शिमग्याच्या आधी तीन महिने भरले. डॉक्टरांच्या काट्यावर सत्तावीस रत्तल कमी भरलं. त्यांनी पुन्हा जिना चढायला लावला, नळी लावली आणि सही केली. मी तो कागद दोन्ही हातांत धरून घरी आलो. कागद देवापुढे ठेवला. बायकोने वाकून नमस्कार केला, देवाला आणि कागदाला मिळून एकच. तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, आणि मी ते लपवले नाहीत.

होळीला आईने पुरणपोळ्या केल्या. मला म्हणाली, आज पोटभर जेव. मी जेवलो. तीन महिन्यांचा सूड उगवावा तसा जेवलो. तुपाची वाटी निपटली, चटणी बोटाने पुसून घेतली, आणि शेवटच्या पोळीकडे हात गेला तेव्हा आई हळू आवाजात म्हणाली, "थोडं ठेव."

मी हात मागे घेतला.

ती चुलीकडे तोंड करून पोळी उलटत होती. तशीच बोलली. "तुझे वडील ताट लख्ख करून उठायचे. पंगतीत लोक उदाहरण द्यायचे, अन्नाचा केवढा मान. बावीस वर्षं मी त्या लख्ख ताटात बसले."

मी विचारलं, कधी सांगितलं का नाहीस.

"कोणाला?" ती म्हणाली.

वडिलांवर माझा जीव होता, अजूनही आहे. ते वाईट नव्हते. कोणी त्यांना दारात अडवून सांगितलं नव्हतं, एवढंच. मी आणखी दोन पोळ्या मागून घेतल्या, त्यांवर तूप घेतलं, आणि तसंच ताट ठेवून उठलो. बायको बसली, जेवली.

सर्वांत शेवटी आई स्वतःसाठी पान घेऊन बसली. ती दिवसातून एकदाच जेवायची, आणि स्वतःच वाढून घ्यायची. हातपाय धुऊन मी पुन्हा आत गेलो आणि तिच्यासमोर बसलो. सोवळ्याओवळ्याचं काय झालं ते देव जाणे. डब्यातली पोळी काढून मी तिच्या पानात वाढली. ती खाऊन होते न होते तोच दुसरी वाढली. सणावारी, लग्नाकार्यात, कुठेही आग्रह झाला की आईचा हात आडवा यायचा, पुरे, पुरे. त्या दिवशी तिने हात आडवा केला नाही.