मधल्या नळीतलं पाणी

बर्फमामांचं अर्धं आयुष्य बर्फाच्या कारखान्यात गेलं आणि उरलेलं जमिनीच्या पोटात थंडी भरण्यात. भर शहरात खोल खणायला घेतलं की पाणी आणि वाळू आत धावते. म्हणून खड्ड्याभोवती नळ्या पुरायच्या, त्यांतून उणे अठ्ठावीस अंशांचं, न गोठणारं क्षाराचं पाणी फिरवायचं आणि मातीचीच भिंत गोठवायची. हे यंत्र सांभाळणारे मामा घरी मात्र पंख्याच्या वाऱ्यानेही शिंकायचे. बायको म्हणायची, "जगाला गारठवतात नि स्वतःला दोन-दोन चादरी!"

यंदाचा खड्डा सहा मजली इमारत उलटी बसेल एवढा व्हायचा होता. पहिल्या तुकडीत उतरणार होता मामांचा जावई. सगळे तापमापक हवं ते दाखवत होते. साहेबांनी खणायचा दिवसही ठरवला, फक्त मामांची सही राहिली होती.

"सही नाही करत," मामा म्हणाले. "मधल्या नळीतलं पाणी चढलं नाही."

भिंत सगळीकडून जुळली की आतल्या पाण्याला पळायला वाट उरत नाही. बर्फ फुगतो, पाणी दाबलं जातं आणि मधोमध उभ्या केलेल्या नळीत वर येतं. इथे ते ढिम्म होतं.

"दुधाने तोंड पोळलंय म्हणून ताकही फुंकून पिता का हो?" साहेब चिडले. जावई तर घरी येऊन भांडला. "बाबा, लाडक्या जावयासाठी सासऱ्याने काम अडवलं म्हणतात सगळे. तोंड दाखवायला जागा नाही मला!"

मामांना ते फार लागलं, पण जावयाच्या तोंडी कोण लागणार? सकाळी ते एकेका नळीच्या तोंडावर हात ठेवत फिरले. चाळीस नळ्यांवर सायीसारखा जाड बर्फ, एकीवर नुसतं दव. तिथे तापमापक नव्हताच. त्या बाजूने जमिनीखालून पाणी वाहत असणार, आणि वाहतं पाणी थंडीला सहजासहजी दाद देत नाही. मामांनी हट्टाने तिथे आणखी दोन नळ्या पुरायला लावल्या. तीन आठवड्यांनी मधलं पाणी चढू लागलं, तेव्हा कुठे त्यांनी सही केली.

खणत खणत तुकडी त्या बाजूला पोचली. मातकट भिंतीत एक विसरलेलं, फुटकं दगडी गटार निघालं. त्यात काचेसारखा स्वच्छ बर्फ होता, माणूस मावेल एवढा. जावई त्यावर हात टेकून बराच वेळ उभा राहिला. मग वर आला.

"बाबा, त्या दिवशी मी तिथेच खणणार होतो."

 मामांनी त्याचा गारठलेला हात धरला आणि चोळत बसले. साहेब बघत होते, तरी सोडला नाही.